जेडवर कोरलेली नावे : चीनचा सम्राट, मोगल बादशहा आणि पुण्यात जन्मलेला संग्राहक

१/
लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जेड दगडाची एक चकती आहे. पंजावर मावेल एवढी, फिकट पिवळसर-तपकिरी. मधोमध वाटोळे भोक आणि भोकाभोवती किंचित उचललेली कड. चिनी भाषेत अशा चकतीला ‘बी’ म्हणतात. ती घडली इसवी सनापूर्वी सुमारे १२०० मध्ये. तिच्यावर बारीक अक्षरांत एक कविता कोरलेली आहे. ही कविता मात्र इ.स. १७९० ची, म्हणजे चकतीहून सुमारे तीन हजार वर्षांनी लहान. ती रचणारा आणि कोरवून घेणारा होता छिंग घराण्याचा सम्राट छियानलोंग.

२/
तीन हजार वर्षे जुन्या वस्तूवर स्वतःचे शब्द कोरावेत, असे एखाद्याला का वाटावे? आजचा कोणताही पुरातत्त्वज्ञ हे पाहून कपाळाला हात लावील. तरीही त्या कोरीव ओळींनीच या चकतीचा एक टप्पा आपल्यापर्यंत पोहोचवला आहे. जेडवर नाव कोरण्याची ही हौस एकट्या चीनची नव्हे. समरकंद, आग्रा आणि दिल्ली येथील राजांनाही ती होती. आणि त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंपैकी काही ज्याच्या हाती आल्या, त्या माणसाचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला. हा थ्रेड त्या प्रवासाचा.

३/
आधी दगडाची ओळख. ‘जेड’ या एका नावाखाली दोन वेगळी खनिजे येतात : नेफ्राइट आणि जेडाइट. ती वेगळी आहेत हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ दामूर याने १८६३ साली दाखवून दिले. प्राचीन चीनमधील कोरीव काम नेफ्राइटचे. हिरवेगार जेडाइट ब्रह्मदेशातून चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागले ते अठराव्या शतकात. नेफ्राइटचा रंग हिरवाच असतो असे नाही. लोण्यासारखे पांढरे नेफ्राइट सर्वांत मौल्यवान समजले जाई. फारसीत या दगडाला ‘यशम’ किंवा ‘यशब’ म्हणत, आणि मोगल दरबारात हेच नाव रूढ होते.

४/
नेफ्राइटचे सूक्ष्म तंतू एकमेकांत घट्ट विणलेले असतात. त्यामुळे तो सहजी फुटत नाही, आणि लोखंडी छिन्नीलाही दाद देत नाही. म्हणजे ‘जेड कोरले’ हा शब्दप्रयोगच सैल आहे. जेड झिजवावे लागते, सहाणेवर चंदन झिजवावे तसे. फक्त येथे सहाणेचे काम वाळू करते. ओल्या, कठीण वाळूत दोरी पुढे-मागे ओढून दगड चिरायचा, पोकळ नळी फिरवून भोक पाडायचे, मग महिनोन्‌महिने घासून झिलई आणायची. भारतीय कारागीर यासाठी कुरुंदाची पूड वापरत. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्ददेखील मूळ तमिळ नावावरूनच गेलेला आहे.

५/
इतके कष्ट करून चीनमधील लोकांनी जेडच्या चकत्या घडवल्या कशासाठी? आजच्या हांगचौ शहराजवळ लियांगचू संस्कृतीचे अवशेष सापडले आहेत, सुमारे इ.स.पू. ३३०० ते २३०० या काळातील. तेथील प्रतिष्ठितांच्या कबरींत मृतदेहाच्या अंगावर आणि आजूबाजूला जेडच्या चकत्या ठेवलेल्या आढळल्या. त्या रोजच्या वापराच्या नव्हत्या, हे स्पष्ट आहे. पद, विधी आणि मृत्यू यांच्याशी त्यांचा संबंध होता. पुढे चिनी ग्रंथांनी ‘बी’चे नाते आकाशाशी जोडले, परंतु तो अर्थ मूळ कारागिरांनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी लिहिला गेला.

६/
ब्रिटिश म्युझियममधील चकती ज्या काळात घडली, त्या काळात पुणे जिल्ह्यात काय चालले होते? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. मातीची घरे, चाकावर घडवलेली रंगीत भांडी, गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती आणि रंगीत दगडांचे मणी. कठीण दगड घासून त्याला भोक पाडण्याची विद्या घोड नदीकाठीही अवगत होती. दगड वेगळा होता आणि त्याला दिलेले मोलही वेगळे होते.

७/
त्याच सुमारास चीनमध्ये शांग घराण्याचा राजा वू तिंग राज्य करीत होता. त्याची राणी फू हाओ हिची कबर १९७६ साली आन्यांग येथे सापडली, लुटारूंचा हात न लागलेली. तिच्यात जेडच्या ७५५ वस्तू होत्या. विशेष म्हणजे त्यांतील काही वस्तू राणीच्या काळातच पुरातन होत्या. तिच्याआधी हजारहून अधिक वर्षे होऊन गेलेल्या लोकांनी त्या घडवल्या होत्या. जुनी जेड जपून ठेवण्याची आवड तीन हजार वर्षांपूर्वीही होती. छियानलोंग हा या परंपरेतील फार उशिराचा वारस.

८/
छियानलोंग १७३५ साली गादीवर आला आणि १७९६ पर्यंत राज्य करीत होता. बाळाजी बाजीरावाच्या आधीपासून दुसऱ्या बाजीरावाच्या आरंभापर्यंत एवढी ही कारकीर्द! युद्धांइतकाच त्याला संग्रहाचा नाद होता. जुनी चित्रे, कांस्यपात्रे, जेड यांची तो छाननी करी, त्यांवर लेख लिही, कविता रची. ‘बी’ त्याच्या हाती आली तेव्हा तिच्या उचललेल्या कडेवरून त्याला वाटले की ही वाडग्याखाली ठेवायची बैठक असावी. बैठक आहे तर वाडगा हवाच, म्हणून त्याने आपल्या संग्रहातून एक जुना चिनी मातीचा वाडगा निवडून तिच्याशी जुळवला, आणि हा सारा विचार कवितेत मांडून चकतीवर कोरवला.

९/
त्याचा तर्क चुकला होता. ‘बी’ ही वाडग्याची बैठक नव्हे. पण ही चूक समजून घेण्यासारखी आहे. त्याच्याजवळ वस्तू होती. ती कोणत्या कबरीत, कोणाच्या देहाशेजारी, कशा स्थितीत मिळाली याची माहिती नव्हती. माती आणि वस्तू यांची ताटातूट झाली की वस्तूचा अर्धा अर्थ मातीतच राहतो. उरलेला अर्धा मालक स्वतःच्या कल्पनेने भरतो. जगातील संग्रहांचा फार मोठा भाग असाच भरलेला आहे. १७९० च्या त्याच वर्षी महादजी शिंद्यांच्या फौजा उत्तरेत पाटण आणि मेडता येथे विजय मिळवीत होत्या, आणि बेइजिंगमध्ये एक वृद्ध सम्राट एका दगडाचा अर्थ लावीत बसला होता.

१०/
आता हा दगड हिंदुस्थानात कसा आला ते पाहू. उत्तम पांढरे नेफ्राइट मिळे ते तकलामाकान वाळवंटाच्या दक्षिण कडेला, खोतान येथे. कुनलुन पर्वतातून उतरणाऱ्या दोन नद्या, युरुंगकाश आणि काराकाश, आपल्या प्रवाहात जेडचे गोटे वाहून आणतात. युरुंगकाश म्हणजे पांढरे जेड, काराकाश म्हणजे काळे जेड. दगडाच्या रंगावरूनच नद्यांना नावे पडली. खोतानहून पूर्वेला निघालेले तांडे चीनमध्ये पोहोचत. यारकंदमार्गे दक्षिणेला उतरणारी वाट लडाख-काश्मीरकडे येई. एकाच नदीतले दोन गोटे, एक बेइजिंगला आणि दुसरा आग्र्याला, असे घडणे अगदी शक्य होते.

११/
या व्यापाराची एक डोळ्यांदेखतची हकीकत गोव्याच्या जेझुइट मंडळींशी निगडित आहे. गोव्यात संघात दाखल झालेला पोर्तुगीज धर्मबंधू बेंतो द गोइश १६०२ साली आग्र्याहून निघाला. काबूल, यारकंद अशा मार्गाने तो व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चीनच्या सीमेपर्यंत गेला, आणि तेथेच १६०७ साली मरण पावला. त्याच्या टिपणांचे उरलेसुरले तुकडे मातेओ रिच्ची याने जपले. चीनकडे निघालेल्या तांड्यांचा सर्वांत किमती माल जेड हाच, असे त्यांत नोंदवलेले आहे. एक प्रकार नदीतून बुड्या मारून काढत; दुसरा डोंगरात आगीने तापवून फोडत.

१२/
तैमूरच्या वंशजांना जेडचे विशेष आकर्षण होते. समरकंदमध्ये तैमूरच्या कबरीवर गर्द हिरव्या नेफ्राइटची प्रचंड शिळा आहे. ती त्याचा नातू उलुग बेग याने बसवली. उलुग बेगाच्या नावाची एक पांढऱ्या जेडची सुरई आज लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. तिच्यावर तीन नावे आहेत : आधी उलुग बेग, मग जहांगीर, मग शहाजहान. सुमारे दोनशे वर्षांच्या अंतराने तिघांनी एकाच भांड्यावर आपली नाममुद्रा उमटवली. जहांगीराच्या आत्मचरित्रातही उलुग बेगाच्या काळातील यशमची सुरई नजराणा म्हणून आल्याचा आणि तिच्यावर नाव कोरवल्याचा उल्लेख आहे.

१३/
मोगलांच्या दृष्टीने हे नाव कोरणे म्हणजे वंशावळ सांगणे होते. आपण तैमूरचे वारस आहोत, हे हातातला पेलाच सांगे. जेडला औषधी गुण आहेत अशीही समजूत होती. छातीची धडधड थांबावी म्हणून गळ्यात बांधायच्या जेडच्या ताईताला ‘हौलदिली’ म्हणत. युरोपीय नावांच्या मुळाशीही अशीच समजूत आहे. ‘जेड’ हा शब्द कुशीच्या दुखण्यावरचा दगड या अर्थाच्या स्पॅनिश नावावरून आला, आणि ‘नेफ्राइट’ हा मूत्रपिंडाच्या ग्रीक नावावरून. तीन खंडांतील लोकांनी एकाच दगडाला वैद्य बनवले.

१४/
मोगल जेडचा कळस म्हणून शहाजहानचा पेला दाखवला जातो. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पांढऱ्या नेफ्राइटचा, अर्ध्या भोपळ्याच्या आकाराचा. तळाशी उमललेले कमळ, निमुळत्या टोकाला बोकडाचे मुंडके. भोपळ्याचा घाट चिनी वळणाचा, कमळ हिंदुस्थानी, पानांची नक्षी युरोपीय धाटणीची. त्यावरील हिजरी वर्ष १०६७, म्हणजे इ.स. १६५६-५७. शहाजहान सप्टेंबर १६५७ मध्ये आजारी पडला, वारसायुद्ध पेटले, औरंगजेबाचे लक्ष दख्खनवरून उडाले. आणि ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. हा पेला त्या उलथापालथीच्या उंबरठ्यावरचा.

१५/
पुढे वर्तुळ पूर्ण झाले. १७५९ साली छियानलोंगच्या सैन्याने यारकंद आणि खोतान जिंकले. त्याबरोबर हिंदुस्थानी घडणीची जेडपात्रेही बेइजिंगला जाऊ लागली. जेडचे माहेर मानल्या जाणाऱ्या चीनचा सम्राट ही परदेशी कारागिरी पाहून थक्क झाला. भांड्यांचे काठ इतके पातळ की प्रकाश आरपार यावा, आणि हत्याराची खूण शोधूनही सापडू नये! ‘हिंदुस्थान’ हा देश कोणता, याविषयी त्याने १७६८ साली एक निबंधच लिहिला. या पात्रांवर त्याने कविता कोरवल्या आणि महालातील कारागिरांकडून त्याच धर्तीची भांडी करवून घेतली.

१६/
येथे एक प्रश्न पडतो. मोगलांचे सोने-चांदी कोठे गेले, आणि जेड मात्र का उरले? १७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटली. १७६० साली सदाशिवराव भाऊंनी फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडली. चांदी वितळते, तिचा पगार होतो. रत्ने उपटून दुसऱ्या दागिन्यात बसवता येतात. जेड वितळत नाही. फोडले तर त्याचे मोल शून्य. ज्याला ते हवे त्याने ते जसेच्या तसे, आधीच्या मालकाच्या नावासकट घेणे भाग असे. म्हणून जेडवरची नावे टिकली.

१७/
टिकली म्हणजे सुरक्षित राहिली असे मात्र नव्हे. ऑक्टोबर १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने बेइजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा शाही उद्यानप्रासाद लुटला, आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने तो जाळण्यात आला. त्या मोहिमेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. ब्रिटिश छावणीत लुटीचा लिलाव झाला आणि रक्कम सैनिकांत वाटली गेली. जेडपात्रे, घड्याळे, रेशीम यांच्या याद्या कोणी ठेवल्या? वस्तू लंडन-पॅरिसच्या बाजारात विखुरल्या, आणि त्यांपैकी असंख्य वस्तूंचा पुढचा माग लागला नाही.

१८/
आता पुणे. १८८९ चे पुणे हे मुंबई सरकारचे पावसाळी मुक्कामाचे शहर होते. गणेशखिंडीत गव्हर्नरचा बंगला, लष्करात इंग्रजी वस्ती. १३ जून १८८९ रोजी याच पुण्यात मीर युसूफ अली खान याचा जन्म झाला. वडील मीर लायक अली खान, म्हणजे दुसरे सालारजंग, १८८७ पर्यंत निजामाचे दिवाण होते. आजोबा मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, तीस वर्षे हैदराबादचे दिवाण होते. मूल महिन्याचेही झाले नव्हते तोच, ७ जुलै १८८९ रोजी, वडील वारले. तान्हे मूल घराण्याच्या अफाट जहागिरीचा वारस ठरले.

१९/
या जहागिरीशी महाराष्ट्राचेही नाते आहे. औरंगाबाद जिल्ह्यातील अजिंठा हा सालारजंग घराण्याच्या जहागिरीचा भाग होता. तिसरे सालारजंग १९१२ साली, तेविसाव्या वर्षी, निजाम मीर उस्मान अली खान यांचे दिवाण झाले आणि १९१४ साली पदावरून दूर झाले. त्यानंतरची पस्तीस वर्षे त्यांनी एकाच कामाला वाहिली. त्यांनी लग्न केले नाही. देशोदेशीचे विक्रेते हैदराबादच्या ‘दिवाण देवडी’ वाड्यात माल घेऊन येत. चित्रे, हस्तलिखिते, घड्याळे, हस्तिदंत, चिनी-जपानी भांडी यांनी वाडा भरत गेला. आजोबांनी १८७६ साली रोममध्ये घेतलेला ‘घुंघटातील रिबेका’ हा संगमरवरी पुतळाही त्या संग्रहात होता.

२०/
या संग्रहातील जेडचे दालन आज विशेष प्रसिद्ध आहे. त्यात जेडची एक रेहाल, म्हणजे ग्रंथ ठेवायची घडी, आहे. तिच्यावर सुलतान शम्सुद्दीन इल्तुत्मिशचे नाव आहे. जहांगीराचा शिकारी सुरा आहे, नूरजहानची फळे कापायची सुरी आहे. आणि शहाजहानची एक अंगठी आहे : धनुष्याची दोरी ओढताना अंगठा कापू नये म्हणून घालायची. तिच्यावर ‘साहिब-ए-किरान-ए-सानी’, म्हणजे शुभग्रहयुतीचा दुसरा स्वामी, ही शहाजहानची पदवी आहे. पहिला स्वामी तैमूर. येथेही वंशावळच कोरलेली आहे. चिनी जेडच्या वस्तूही या संग्रहात आहेत.

२१/
या अंगठीवरचे हिजरी वर्ष १०४०, म्हणजे १६३०-३१, महाराष्ट्राच्या वाचकाने थांबून पाहावे असे आहे. शिवाजी महाराजांच्या जन्मानंतरचे हे पहिले वर्ष. शहाजहानचा मुक्काम तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. जून १६३१ मध्ये मुमताज तेथेच वारली. त्याच काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. माणसे अन्नान्न करून मरत होती, गावे ओस पडत होती. त्या वर्षीची ही नाजूक, निर्दोष, झिलईदार अंगठी. ती सुंदर आहे हे खरे, आणि ती कोणत्या वर्षाची आहे हेही तितकेच खरे. कोरलेल्या सालामुळे या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

२२/
संग्रह हा माणसाचा असतो तोवर त्याचे आयुष्य माणसाएवढेच. २ मार्च १९४९ रोजी तिसरे सालारजंग वारले. मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. हैदराबाद संस्थान मुक्त होऊन सहाच महिने झाले होते आणि तेथे लष्करी गव्हर्नरचा अंमल होता. चाळीस हजारांहून अधिक कलावस्तू आणि दावा सांगणारे अनेक नातलग! वाटण्या, विक्री, लिलाव, देशाबाहेर रवानगी, असे काहीही घडू शकले असते. वस्तू नष्ट झाल्या नसत्या, पण एकमेकींपासून कायमच्या तुटल्या असत्या.

२३/
तसे झाले नाही, याचे श्रेय काही निर्णयांना आहे. मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी समिती नेमली गेली. संग्रह एकत्र ठेवून लोकांसाठी खुला करावा असे ठरले. मांडणीसाठी जेम्स कझिन्स यांची मदत घेण्यात आली. १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. पुढे १९५८ साली वारसांशी तडजोड झाली आणि उच्च न्यायालयाने तसा हुकूमनामा दिला. १९६१ साली संसदेने कायदा करून सालारजंग संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. १९६८ साली ते मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले.

२४/
हाच पेच त्याच वेळी चीनमध्येही उभा होता. छियानलोंगच्या महालातील संग्रह १९२५ पासून सार्वजनिक संग्रहालय बनला होता. यादवी युद्धाच्या अखेरीस, डिसेंबर १९४८ ते फेब्रुवारी १९४९ या काळात, त्यातील २,९७२ पेट्या जहाजांनी तैवानला नेण्यात आल्या. छियानलोंगची कविता मिरवणारी हिंदुस्थानी जेडपात्रे आज तैपेईच्या संग्रहालयात दिसतात ती त्यामुळे. एका सम्राटाचा संग्रह दोन संग्रहालयांत विभागला गेला. पुण्यात जन्मलेल्या जहागीरदाराचा संग्रह, शेवटचे जहाज गेल्यानंतर काही दिवसांतच पोरका होऊनही, एका छताखाली राहिला.

२५/
महाराष्ट्रातही याची उदाहरणे आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी-जपानी कलेचे दालन मुख्यतः सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहातून उभे राहिले. चिनी जेड पाहायचे असेल तर पुणेकरांना तेच सर्वांत जवळचे ठिकाण. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये अशी घरगुती वस्तूंची संपत्ती आयुष्यभर गोळा केली, आणि अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव देऊन ती लोकांच्या हवाली केली. बादशाही जेड असो की स्वयंपाकघरातील अडकित्ता, संग्रह टिकतो तो कोणीतरी तो वेळेवर सोडून दिला म्हणून, किंवा मागे राहिलेल्यांनी तो फुटू दिला नाही म्हणून.

२६/
मग नावे कोरणाऱ्यांचा निवाडा काय करावा? छियानलोंगने ‘बी’चा अर्थ चुकीचा लावला, पण चुकीसह तारीख आणि कारण लिहून ठेवले. उलुग बेगाच्या सुरईचा प्रवास तिच्या अंगावर वाचता येतो. १८६० च्या लुटीतील असंख्य वस्तूंबद्दल एवढेही म्हणता येत नाही. आजच्या संग्रहालयांना दगडावर काही कोरण्याची गरज उरलेली नाही. ते काम नोंदवही करते. वस्तू कोणाकडून आली, केव्हा आली, कोणत्या मार्गाने आली. पाटीवरची ही सर्वांत बारीक अक्षरे असतात आणि बहुतेक प्रेक्षक ती न वाचताच पुढे जातात.

२७/
हैदराबादला गेलात तर जेडच्या दालनात ती अंगठी शोधा. ती अंगठ्यासाठी घडली. चार शतकांनंतर तिच्यावर पदवी आणि साल तेवढे उरले आहे. तिला पुढच्या पिढ्यांसाठी सांभाळणाऱ्या पुण्यात जन्मलेल्या माणसाचे नाव तिच्यावर कोठेही नाही. ते इमारतीच्या दारावर आहे.